एमबीबीएसचे अंतिम वर्ष आणि पदव्युत्तर प्रवेशाचे संयुक्त नियोजन

बंगळुरूच्या चामराजपेट भागातील मिंटो नेत्ररुग्णालय आणि जवळच असलेली व्हिक्टोरिया व वाणीविलास ही रुग्णालये म्हणजे दक्षिण भारतातील वैद्यकीय शिक्षणाची एक जुनी शाळाच होय. व्हिक्टोरिया रुग्णालय 1900 मध्ये, तर वाणीविलास 1935 मध्ये सुरू झाले. 1955 मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी याच वॉर्डांमधून रुग्णतपासणी शिकतात. येथील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तोच बेळगाव, मिरज, नागपूर वा औरंगाबादेत शिकलेल्या विद्यार्थ्यापुढेही आहे. तो प्रश्न असा : विद्यापीठाची परीक्षा, आंतरवासिता आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या एकाहून अधिक परीक्षा यांची सांगड कशी घालावी?

वाढलेल्या जागा, वाढलेली स्पर्धा

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2014 पूर्वी देशात एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या. 2024 पर्यंत त्या 1,12,112 झाल्या. याच काळात पदव्युत्तर जागा 31,185 वरून 72,627 वर गेल्या. ही वाढ स्वागतार्ह असली तरी 2025 च्या नीट-पीजी परीक्षेसाठी 2 लाख 42 हजारांहून अधिक उमेदवारांनी नोंदणी केली होती. यातील अनेकांचा हा दुसरा वा तिसरा प्रयत्न असतो. केवळ अभ्यासासाठी घरी बसून काढलेले एक वर्ष सामान्य कुटुंबाला परवडणारे नसते आणि त्या वर्षात एक प्रशिक्षित डॉक्टर रुग्णसेवेपासून दूर राहतो. त्यामुळे नियोजनाचा हा प्रश्न केवळ वैयक्तिक स्वरूपाचा राहत नाही.

दोन परीक्षा, एक अभ्यास

पदव्युत्तर प्रवेशाचे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिला नीट-पीजी. वर्षातून एकदा होणाऱ्या या परीक्षेच्या गुणवत्तेवर अखिल भारतीय कोट्यातील जागा, राज्यांच्या जागा आणि डीएनबी अभ्यासक्रम यांचे प्रवेश होतात. दुसरा मार्ग आयएनआय-सीईटीचा. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमेर व बंगळुरूची निम्हान्स यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी ही परीक्षा जुलै व जानेवारी अशा दोन सत्रांकरिता वर्षातून दोनदा घेतली जाते.

दोन्हींचा पाया एमबीबीएसचा अभ्यासक्रमच असल्याने अभ्यास वेगळा करावा लागत नाही. परंतु उत्तरे देण्याची रीत मात्र वेगळी ठेवावी लागते. नीट-पीजीत बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात व चुकीस 1 गुण वजा होतो. चार पर्यायांपैकी एक निश्चितपणे चूक आहे असे ओळखता आले, तर उरलेल्या तिघांतून निवड करणे सरासरीने लाभदायक ठरते. आयएनआय-सीईटीत चुकीच्या उत्तरास एकतृतीयांश गुण वजा होत असल्याने निव्वळ अंदाजातून सरासरी लाभ शून्य राहतो. शिवाय नीट-पीजीत 2024 पासून 40 प्रश्नांच्या प्रत्येक विभागास 42 मिनिटे ठरवून दिलेली आहेत आणि मागील विभागाकडे परत जाता येत नाही. म्हणून सराव परीक्षाही याच पद्धतीने, घड्याळ लावून द्याव्यात.

अंतिम वर्षाची आखणी

अंतिम वर्षात औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि बालरोग हे मोठे विषय असतात. प्रवेश परीक्षेतही यांचे वजन मोठे आहे. त्यामुळे विद्यापीठ परीक्षेची तयारी मनापासून करणे, हीच प्रवेश परीक्षेची पहिली तयारी ठरते. सकाळी वॉर्डात पाहिलेल्या रुग्णाच्या आजारावरील बहुपर्यायी प्रश्न त्याच सायंकाळी सोडवावेत. शरीररचना, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र यांसारख्या मागील वर्षांच्या विषयांसाठी आठवड्यातील एक ठरावीक दिवस राखून ठेवावा.

त्यानंतरच्या बारा महिन्यांच्या आंतरवासितेचे वेळापत्रक आधीच पाहून घ्यावे. प्रसूती वा अपघात विभागातील महिन्यांत नवीन वाचन फारसे होत नाही. त्या काळात केवळ उजळणी ठेवावी. परीक्षेच्या लोभाने वॉर्ड टाळणे मात्र आत्मघातकी होय. जो हात टाके घालण्यास शिकला नाही, त्यास उत्तम गुणानुक्रमही तारू शकत नाही.

आंतरवासिता पूर्ण करण्याची अंतिम तारीख प्रत्येक परीक्षेची स्वतंत्र असते. आयएनआय-सीईटीच्या दोन सत्रांसाठी ती साधारणतः 31 जुलै व 31 जानेवारी अशी असते. नीट-पीजी 2025 साठी ती 31 जुलै होती. एप्रिलमध्ये आंतरवासिता संपविणाऱ्यास मे महिन्यातील आयएनआय-सीईटी, त्यानंतरची नीट-पीजी आणि नोव्हेंबरमधील आयएनआय-सीईटी अशा तीन संधी मिळू शकतात. दीर्घ रजेमुळे आंतरवासिता लांबली, तर यातील एखादी संधी हातची जाते. परीक्षेची तारीखही बदलू शकते. 2024 मध्ये 23 जूनची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली जाऊन 11 ऑगस्टला झाली. तयारीत काही आठवड्यांची लवचिकता ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर.

सहा वर्षांचा संयुक्त पर्याय

अमेरिकेत औषधवैद्यक व बालरोग या दोन्ही शाखांचे चार वर्षांचे एकत्रित प्रशिक्षण घेता येते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा पर्याय म्हणजे एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचे अतिविशेष शिक्षण. न्यूरोसर्जरीचे सहा वर्षांचे एम.सीएच. हे त्याचे उदाहरण असून राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांत त्याचे प्रवेश आयएनआय-सीईटीतून होतात. तीन वर्षांचे एम.एस. व नंतर तीन वर्षांचे एम.सीएच. या नेहमीच्या वाटेलाही सहाच वर्षे लागतात. पण मधली स्पर्धा परीक्षा येथे वाचते. मात्र तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय मागे फिरविणे कठीण असते. त्या विभागात आंतरवासितेतील ऐच्छिक काळ घालविल्यावाचून तो घेऊ नये.

पसंतीक्रम आणि नियम

निकालानंतर पसंतीक्रम भरण्यास थोडेच दिवस मिळतात. अंतिम वर्षातच दोन याद्या कराव्यात : एक आवडीच्या विषयांची, दुसरी आपणास राहणे व शिकणे शक्य असलेल्या संस्थांची. शुल्क, विद्यावेतन, सेवाबंधाचा कालावधी आणि जागा सोडल्यास भरावा लागणारा दंड यांची नोंद त्यापुढे ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. संस्थाधारित प्राधान्य मात्र मर्यादित प्रमाणात मान्य ठेवले. सीमाभागातून बंगळुरूला वा कर्नाटकातून महाराष्ट्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या त्या राज्याची त्या वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने सेवा करावी लागते. ज्याने अंतिम वर्षात रुग्णाजवळ बसून शिकण्याची सवय जोपासली, त्याला हे तीन महिने ओझे वाटणार नाहीत आणि त्या जिल्ह्यातील रुग्णालाही त्याचा खरा उपयोग होईल.