कावळे मेले म्हणून व्हायरस सापडला! डास आणि पक्षी आजार कसा पसरवतात?

डास चावला की आपल्याला डेंग्यू, मलेरिया आठवतो. पण काही व्हायरस मुळात पक्ष्यांमध्ये राहतात आणि डासांमार्फत आपल्यापर्यंत येतात. वेस्ट नाइल व्हायरस त्यातलाच एक. चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

न्यूयॉर्कमध्ये काय घडलं?

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरून पडू लागले. ऑगस्टमध्ये मेंदूज्वराचे पेशंटही दिसू लागले. आधी निदान झालं सेंट लुईस एन्सेफलायटिसचं. पण ब्राँक्स प्राणीसंग्रहालयाच्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. त्यांच्याकडचे फ्लेमिंगोही मरत होते, आणि सेंट लुईसच्या व्हायरसने पक्षी सहसा मरत नाहीत. शेवटी कळलं, हा तर वेस्ट नाइल! १९३७ मध्ये युगांडात सापडलेला, अमेरिकेत तोवर कधीच न दिसलेला. त्या वर्षी तिथे ६२ जणांना लागण झाल्याचं आढळलं, त्यातले ७ दगावले.

साखळी कशी चालते?

१. क्युलेक्स डासाची मादी आजारी पक्ष्याचं रक्त पिते.
२. व्हायरस तिच्या पोटात वाढतो आणि लाळेपर्यंत पोहोचतो. याला साधारण एक-दोन आठवडे लागतात.
३. मग ती ज्याला चावेल, त्याच्या रक्तात लाळेबरोबर व्हायरस शिरतो.

पक्ष्याच्या रक्तात तो भरपूर वाढतो, म्हणून पुढच्या डासालाही लागण होते. माणूस आणि घोडा यांच्या रक्तात मात्र तो तेवढा वाढत नाही. म्हणजे आपल्याला चावून डासाला लागण होत नाही. साखळी तिथेच तुटते. लागण झालेल्या १० पैकी ८ जणांना काहीच त्रास होत नाही, पण थोड्या जणांच्या मेंदूला सूज येते. घोड्यांसाठी लस आहे, माणसांसाठी अजून नाही.

आपल्याकडे काय?

याच कुळातला जपानी मेंदूज्वर भारतात आहे. त्यात बगळे आणि डुकरं व्हायरस वाढवतात, भातखाचरातले क्युलेक्स डास तो पसरवतात. याची लस मात्र उपलब्ध आहे.

मग करायचं काय?

क्युलेक्स संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून झोपताना मच्छरदाणी लावा. घराजवळ पाणी, सांडपाणी साचू देऊ नका. आणि एकाच भागात बरेच पक्षी मेलेले दिसले, तर फक्त फोटो काढून पुढे जाऊ नका. हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. न्यूयॉर्कमध्ये पहिला इशारा कावळ्यांनीच दिला होता!