प्राचीन इस्रायली कायद्यातील कठीण खटल्यांची निर्णयपद्धती

प्रस्तावना :
न्यायाधीशाचे ज्ञान जेथे अपुरे पडते, तेथे न्यायव्यवस्थेची खरी कसोटी लागते. हिब्रू बायबलमधील कायदेग्रंथांनी या प्रसंगाची स्पष्ट दखल घेतलेली आढळते.

श्रेणीबद्ध न्यायदान :
निर्गम ग्रंथाच्या 18 व्या अध्यायानुसार, मोशे एकटाच दिवसभर न्यायनिवाडा करीत असल्याचे पाहून त्याचा सासरा इथ्रो याने हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर अधिकारी नेमण्याचा सल्ला दिला. लहान तंटे त्यांनी मिटवावेत व अवघड प्रकरणे मोशेकडे आणावीत, अशी ही विभागणी होती.

मध्यवर्ती न्यायपीठ :
अनुवाद ग्रंथातील नियम (17:8-13) अधिक काटेकोर आहे. रक्तपात, हक्क किंवा मारहाण यांविषयीचा वाद नगरवेशीवरील न्यायाधीशांना उलगडला नाही, तर तो देवाने निवडलेल्या स्थानी लेवीय याजक व तत्कालीन न्यायाधीश यांच्यापुढे न्यावा, असे तेथे सांगितले आहे. हे हरलेल्या पक्षकाराचे अपील नव्हे. स्थानिक न्यायाधीशांनी स्वतःची मर्यादा मान्य करून मागितलेला तो निर्णय होय. मात्र हा निर्णय अंतिम असे. तो उद्दामपणे धुडकावणाऱ्यास मृत्युदंड सांगितला आहे.

कायद्यातील उणीव :
काही प्रकरणांत नियमच उपलब्ध नव्हता. सलाफहादास पुत्र नव्हता. त्याच्या पाच कन्यांनी पित्याचे नाव नष्ट होऊ नये म्हणून वतन मागितले. मोशेने हे प्रकरण देवापुढे मांडले व पुत्र नसल्यास कन्येस वारसा मिळावा, असा सर्वसाधारण नियम झाला (गणना 27). पुढे जमीन अन्य वंशाकडे जाईल, ही कुळप्रमुखांची हरकत मान्य होऊन अशा कन्यांनी स्ववंशातच विवाह करावा, असे बंधन आले (गणना 36).

अज्ञात गुन्हेगार :
मारेकरी अज्ञात असल्यास प्रेतापासून सभोवतालच्या नगरांचे अंतर मोजले जाई. सर्वांत जवळच्या नगराचे वडीलजन कालवडीची मान मोडून, तिच्यावर हात धुऊन आपण निर्दोष असल्याचे जाहीर करीत (अनुवाद 21:1-9). आरोपी सापडला नाही, तरी समाजाची जबाबदारी संपत नसे.

निष्कर्ष :
वरील तरतुदींवरून असे दिसते की, अज्ञानाची कबुली हा या व्यवस्थेत न्यायाधीशाचा दोष मानला गेला नाही. तथापि, अंतिम निर्णयास मृत्युदंडाचे पाठबळ देताना तो निर्णयच चुकला तर काय, या प्रश्नास अनुवाद ग्रंथातील हा नियम उत्तर देत नाही. सलाफहादाच्या कन्यांचे प्रकरण मात्र दाखविते की, दिलेला निर्णयही नव्या हरकतीनंतर मर्यादित होऊ शकत असे.