लहान नौकेवरील मत्स्यशोधक यंत्र

समुद्राची खोली मोजण्याचे कोकण किनाऱ्यावरील जुने माप म्हणजे वाव. शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडावयाची, वजन तळाला टेकले की ती ओढून घेत पसरलेल्या दोन्ही हातांच्या मापाने मोजावयाची, आणि वजनाला काय लागून आले यावरून खाली चिखल आहे की खडप, याचा अंदाज बांधावयाचा, अशी ही रीत. हेच काम आता नौकेवरील एका लहानशा पडद्यावर क्षणार्धात होते, आणि तळ व नौका यांच्यामध्ये मासळीचा थवा असल्यास त्याचीही खूण त्यावर उमटते. या साधनास मत्स्यशोधक यंत्र किंवा ‘फिशफाइंडर’ असे म्हणतात. मोठ्या यांत्रिक नौकांवर ते परिचयाचे झाले आहे. आऊटबोर्ड इंजिनाच्या लहान नौकेवर बसविता येतील अशी आटोपशीर यंत्रेही आता बाजारात मिळतात.

मात्र विकत घेतलेले यंत्र आणि उपयोगी पडणारे यंत्र यांत पुष्कळ अंतर असते. लहान नौकेच्या मालकाने हा खर्च बहुधा कर्ज काढून केलेला असतो. यंत्र बिनकामाचे ठरले म्हणून हप्ता थांबत नाही. अशा वेळी दोष सामान्यतः यंत्रात नसून ते बसविण्याच्या पद्धतीत वा पडद्यावरील चित्राचा चुकीचा अर्थ लावण्यात असतो. किनाऱ्यावरील गावांत ज्यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात, त्या पंचायत सदस्यांना, सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना यातील मर्म ठाऊक असणे म्हणूनच इष्ट होय.

प्रतिध्वनीचे तत्त्व

दरीत घातलेली साद समोरच्या कड्यावर आपटून परत येते, तेच तत्त्व येथे वापरलेले आहे. नौकेच्या तळाशी बसविलेला ट्रान्सड्यूसर नावाचा भाग विजेच्या स्पंदनांचे रूपांतर ध्वनीत करून तो खाली सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचे रूपांतर पुन्हा विजेत करतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. पाणी ३० मीटर खोल असेल तर ध्वनीला जाऊन येऊन ६० मीटरचा प्रवास करावा लागतो व त्यास सेकंदाचा अवघा पंचविसावा भाग पुरतो. गेलेला वेळ मोजून यंत्र खोली सांगते. शाळेतील विज्ञानाच्या तासाला किनाऱ्यावरच्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हां यांनी पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी हे तंत्र विकसित केले. १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी कागदावर नोंदवून दाखविले, तर १९४८ साली जपानमधील फुरुनो बंधूंनी मच्छिमारांच्या नित्य वापरासाठी पहिले मत्स्यशोधक यंत्र बाजारात आणले.

या यंत्राचा मित्र आणि शत्रू एकच आहे, तो म्हणजे हवा. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसे वेगळे नसते. परंतु पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यावरून ध्वनी जोरात परततो. घोळ माशाचे जे ‘बोत’ बाजारात मोठ्या किमतीस विकले जाते, ती हीच पिशवी. याउलट मुशी, पाकट, माकुल आणि कोळंबी यांना ती नसते, तशीच ती बोंबलालाही नसते. त्यांचे प्रतिध्वनी क्षीण येतात. डोल जाळ्याने बोंबील धरणाऱ्याचे जाळे एका जागी रोवलेले असते व त्याचे सारे गणित भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. अशा मच्छिमाराला मासळी शोधण्यासाठी या यंत्राचा लाभ अगदी थोडा. थव्याने फिरणाऱ्या मासळीमागे जाणाऱ्यास मात्र तो बराच अधिक होतो. यंत्र घ्यावे की नाही, याचा निर्णय म्हणून आपल्या जाळ्याकडे पाहून करावयास हवा. शेजारच्या नौकेवर आहे, हे त्याचे कारण होऊ नये.

यंत्र कोठे व कसे बसवावे

हीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली की ध्वनी पाण्यात पोहोचतच नाही. नौका उभी असताना स्वच्छ दिसणारे चित्र नौका वेगात निघताच नाहीसे होते, ही वारंवार ऐकू येणारी तक्रार याच कारणाने उद्भवते. आऊटबोर्ड नौकेत ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर बाहेरून बसवितात. तो नेहमी पाण्याखाली राहिला पाहिजे व त्याचे तोंड सरळ खाली असले पाहिजे. पुढे चालताना उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याची पाती उजव्या बाजूस खाली उतरतात व तेथे फेस कमी असतो. म्हणून तो उजव्या बाजूस, पंख्यापासून निदान ४० सेंटिमीटर दूर लावावा. त्याच्या पुढच्या अंगास तळाची पट्टी, खिळ्यांची रांग किंवा पाणी घेणारे भोक येत असेल तर जागा बदलावी, कारण त्या प्रत्येकामागे बुडबुड्यांची रेघ निघते. पक्की भोके पाडण्यापूर्वी यंत्र तात्पुरते बांधून समुद्रात एक फेरी मारून पाहणे शहाणपणाचे. पाडलेली भोके जलरोधक लांबीने बुजवून मगच स्क्रू पिळावेत. लाकडी फळीत मुरलेले पाणी कालांतराने फळीच कुजविते.

भरीव फायबरच्या नौकेत ट्रान्सड्यूसर आतून तळाला चिकटविता येतो. तेथे एपॉक्सीच्या थरात एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडी नौकेत, तसेच दोन थरांमध्ये फोम भरलेल्या फायबरच्या नौकेत ही युक्ती चालत नाही, कारण लाकूड व फोम ध्वनी शोषून घेतात. जागा योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर घालून ती पिशवी तळावर दाबून धरावी. खोली नीट दिसली तर जागा ठीक.

विजेच्या जोडणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लहान यंत्रे सामान्यतः १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. धन तारेवर बॅटरीजवळच, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या तारांपासून व बिनतारी संचाच्या केबलपासून दूर न्यावी, नाही तर पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो आणि नवखा माणूस त्यालाच मासळी समजतो. केबल लांब वाटली म्हणून ती कापू नये; सैल वेटोळे करून बांधावी.

पडद्यावर काय दिसते

पडद्यावरील चित्र हे पाण्याखालचे छायाचित्र नव्हे. उजव्या कडेवर या क्षणाचा प्रतिध्वनी असतो, आणि डावीकडे सरकत जाणारा भाग हा होऊन गेलेल्या क्षणांचा इतिहास असतो. डाव्या बाजूस दिसणारी मासळी म्हणजे नौकेच्या डाव्या अंगाची मासळी, असा समज करून तिकडे जाळे टाकणे व्यर्थ होय. ती नौकेने मागे टाकलेली असते.

ध्वनी शंकूच्या आकाराने खाली पसरतो. २०० किलोहर्ट्‌झच्या यंत्रात तो शंकू २० अंशांचा धरला तर ३० मीटर खोलीवर त्याचा व्यास सुमारे साडेदहा मीटर होतो. ५० किलोहर्ट्‌झचा ध्वनी अधिक खोल जातो व अधिक रुंद पसरतो, परंतु बारीक तपशील दाखवीत नाही. आपल्या उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्‌झ बहुतेक कामास पुरेसे ठरते. एखादा मासा शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा दूर, मध्ये येतो तेव्हा जवळ आणि बाहेर पडतो तेव्हा पुन्हा दूर असतो. म्हणून त्याची खूण कमानीसारखी उमटते. दाट थवा ढगासारखा दिसतो. कठीण तळाची रेघ ठळक येते व पुष्कळदा तिच्याखाली दुसरी रेघही उमटते; मऊ चिखलाची रेघ फिकट असते. काही यंत्रे प्रत्येक प्रतिध्वनीच्या जागी माशाचे चित्र काढून दाखवितात. ही सोय बंद ठेवलेली बरी, कारण तरंगत्या कचऱ्यालाही यंत्र मासाच ठरविते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने एक गोष्ट प्रत्येक तांडेलाच्या मनावर ठसली पाहिजे. हे यंत्र नौकेच्या खालचे दाखविते, पुढचे नाही. समोरचे खडप त्याला दिसते ते नौका त्यावर गेल्यावर. खाडीच्या मुखाशी गाळाने वाट बदललेली असते, तेथे वेग कमी करून खोलीचा आकडा कसा उतरत आहे याकडे लक्ष ठेवले तरच उपयोग. तो आकडाही ट्रान्सड्यूसरपासून मोजलेला असतो. पृष्ठभागापासूनची खोली हवी असल्यास त्याच्यावरचे पाणी मिळवावे लागते, आणि इंजिनाचा पंखा त्याच्याही खाली जात असेल तर तितके अंतर वजा धरावे लागते.

मासळी शोधण्याच्या कामी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचनांशी या यंत्राची चांगली जोड बसते. उपग्रहांनी टिपलेले पृष्ठभागाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून त्या सूचना तयार होतात. कोणत्या दिशेस जावे हे सूचना सांगते. तेथे पोहोचल्यावर नौकेखाली खरोखर काही आहे काय, हे यंत्र सांगते. त्यामुळे वाचते ते मुख्यतः इंधन. पडद्यावर मासळीचे वय व लांबी मात्र कळत नाही. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले. थवा दिसला तरी त्यातील पिल्ले सुटून जाणे हे जाळ्याच्या आसावरच अवलंबून राहते, आणि त्या बाबतीत यंत्र असलेली व नसलेली नौका यांना नियम एकच आहे.

पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या की ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरील शेवाळ व शिंपले मऊ फडक्याने, साबणाच्या पाण्याने काढावेत. सुरीने खरवडू नयेत. नौकेच्या तळाला लावावयाचा तांबेयुक्त रंग त्यावर लावू नये. पडद्याचा भाग काढून घरी कोरड्या जागी ठेवावा, जोडाच्या टोकांवरील खारट थर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून ती पूर्ण वाळवावीत व फ्यूजची एक जोडी राखीव आणून ठेवावी.