मराठे-सिद्दी वैर कसं संपलं? साक्षीदार आपला गोपाळगड

गुहागरकरांनो, अंजनवेलचा गोपाळगड पाहिलाय ना? जांभ्यात खोदलेला त्याचा खंदक मराठे-सिद्दी वैराचा साक्षीदार आहे.

जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांचं शिवकाळापासूनचं हे वैर एका लढाईत मिटलं नाही. १६९९ मध्ये सिद्दीने अंजनवेल घेतला. १७२७ मध्ये चिपळूणजवळचं परशुराम देवस्थान सिद्दीच्या माणसांनी लुटलं आणि वैराची आग भडकली. १७३३ ला रायगड सिद्दीकडून मराठ्यांकडे परत आला. १९ एप्रिल १७३६ ला चिमाजी अप्पांच्या फौजेने जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याला मारलं, तेव्हा कुठे जंजिऱ्याने तह केला. अंजनवेल मात्र सिद्दीकडेच राहिला; तो त्यानंतर तुळाजी आंग्र्यांनी जिंकला आणि त्याचं नाव गोपाळगड ठेवलं. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

गडावर गेलात की तटावरून दाभोळ खाडीचं मुख नक्की बघा. ज्याचा गड, त्याची खाडी. या गडासाठीचं भांडण त्यासाठीच होतं!