सव्वाअठरा वर्षं एकच खातं

कतारमधल्या रास लफ्फान बंदरात जेट्टीवर जहाज लागलं की आम्ही आधी लोडिंग आर्म हळूहळू थंड करून घेतो. उणे १६२ अंशांवर द्रव झालेला नैसर्गिक वायू मूळ आकारमानाच्या सुमारे सहाशेव्या हिश्शात मावतो, म्हणून तो समुद्रापार नेता येतो. या बंदरात आम्हा हजारो परदेशी माणसांची मेहनत आहे; पण त्यामागचे निर्णय पाहू गेलं तर अब्दुल्ला बिन हमद अल अतिय्या या माणसाची कारकीर्द समजून घ्यावी लागते.

१९७२ मध्ये ते कतारच्या अर्थ व पेट्रोलियम मंत्रालयात नोकरीला लागले. वीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत काम करून १९९२ मध्ये ऊर्जामंत्री झाले. नॉर्थ फील्डचा प्रचंड वायुसाठा १९७१ मध्येच सापडला होता, पण त्याला गिऱ्हाईक नव्हतं. ब्रिटिश पेट्रोलियमही त्याच १९९२ मध्ये हा वायू द्रव करून निर्यात करण्याच्या प्रकल्पातून बाहेर पडली. तारलं जपाननं. तिथल्या चुबू इलेक्ट्रिक या वीज कंपनीनं वर्षाला ४० लाख टन वायू २५ वर्षं घेण्याचा करार केला. असा करार हाती असला तरच बँका कर्ज देतात. डिसेंबर १९९६ मध्ये पहिलं जहाज जपानकडे निघालं. १९९८ मध्ये तेलाचे भाव कोसळले, तरी काम थांबलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये कतारची वार्षिक क्षमता ७ कोटी ७० लाख टनांवर पोचली. पुढच्याच महिन्यात अतिय्यांनी ऊर्जा खातं सोडलं.

मला त्यांचा २००५ चा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. मागणी वाढत असताना नॉर्थ फील्डमधले नवे प्रकल्प थांबवून साठ्याचा अभ्यास सुरू झाला. ही बंदी २०१७ मध्ये उठली.

भारताशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार १९९९ मध्ये झाला आणि २००४ च्या जानेवारीत ‘दिशा’ जहाज गुजरातमधल्या दहेजला पोचलं. दहेजहून वायुवाहिनी उरणपर्यंत येते.

करार न टिकल्याचं उदाहरण मात्र माझ्या गावाजवळच आहे. माझं गाव गुहागर तालुक्यात. १९९२ मध्येच तिथल्या दाभोळ वीजप्रकल्पाची बोलणी सुरू झाली. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये नव्यानं झाला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. महाग विजेवरचे आक्षेप खरे होते. पण ते सहीआधी तडीला गेले नाहीत.

कतारमध्ये मंत्री अमीर नेमतात, त्यांना मतं मागावी लागत नाहीत. आपल्याकडे एकाच मंत्र्याकडे खातं इतकं टिकावं, असा हट्ट धरता येणार नाही, धरूही नये. मात्र पंचवीस वर्षांचा करार सहीआधी विधिमंडळात आणि लोकांपुढे कसून तपासला जावा, आणि मग सरकार बदललं तरी पाळला जावा, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे.