नौकांचे बाह्यलेपन
शिडाच्या लाकडी नौकेच्या उघड्या भागांवरील जुना लेप काढून नवा देण्याची क्रिया. कांदिवलीच्या पश्चिमेस मनोरी खाडी आहे. कोकणातील अशा खाऱ्या खाड्यांमध्ये मचव्यांना पूर्वी मुशीच्या (शार्कच्या) यकृताचे तेल लावीत. त्याचा वास उग्र, परंतु ते लाकडात मुरत असल्याने त्याचे पापुद्रे निघत नाहीत. मात्र ते वरचेवर द्यावे लागते. पारदर्शक व्हार्निश दिसण्यास सुंदर खरे, पण त्यातून सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण आत शिरून लाकडातील लिग्निनाचे विघटन करतात व लेप सुटतो. रंगद्रव्ययुक्त लेप हे किरण बऱ्याच अंशी अडवितो, म्हणून उन्हात तो अधिक टिकतो. लेपनापूर्वी लाकूड गोड्या पाण्याने धुतात, कारण उरलेले मीठ ओलावा शोषते. सुकल्यावर ते तंतूंच्या दिशेने घासतात. साग तेलकट असल्याने विद्रावकाने पुसावा लागतो. पाण्याखालील भागास हे लेप पुरत नाहीत. तेथे टेरेडो हा मृदुकाय प्राणी लाकूड पोखरतो.