चेहरा पाहायचाय? कानाकडे बघा

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं ही बारीक कामं त्याची. माझा तो वयोमानाने झिजला. सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, आणि आता समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसतो. त्याच्या पायातल्या चपला मात्र दिसतात! त्यामुळे सांगलीत निम्म्या ओळखीच्यांचा समज झालाय, की बाईंना शिष्टपणा आलाय.

"आता यावर काही करण्यासारखं नाही," असं डॉक्टर म्हणाले. औषधापुरतं ते खरं होतं. पण पुढे लो व्हिजन विभाग असतो, हे मला दुसऱ्याच एका पेशंटकडून कळलं.

लो व्हिजन म्हणजे अल्पदृष्टी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आमची व्याख्या आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. निरोगी डोळा १८ मीटरवरून जे अक्षर वाचतो, त्यासाठी आम्हाला ६ मीटरवर किंवा आणखी जवळ जावं लागतं. नजरेचा घेर आकसलेले लोकही यातच येतात.

मी त्या विभागात गेले. तिथल्या मुलीने आधी विचारलं, "काकू, तुम्हाला काय काय करायचंय?" मी म्हटलं, पासबुक वाचायचंय आणि मंडईत सुटे मोजून घ्यायचेत. मग ती म्हणाली, "माझ्या चेहऱ्याकडे बघू नका, कानाकडे बघा." बघितलं, तर डागाच्या कडेने तिचं नाक, हनुवटी दिसायला लागली. पडद्याचा कडेचा भाग शाबूत असतो, त्याच्यावर प्रतिमा पाडायची. कुणाला वर बघून जमतं, कुणाला बाजूला. सरावाने मान दुखते, वैताग येतो, पण माझ्या मते सगळ्या उपकरणांपेक्षा मोलाचं शिक्षण हेच.

भिंगाचंही शास्त्र आहे. २० डायॉप्टर ताकदीचं भिंग कागदापासून बरोबर ५ सेंटिमीटरवर धरावं लागतं. हात हलला की अक्षरं विरघळतात. म्हणून मी स्टँडचं भिंग घेतलं, ते कागदावर टेकतं. एका वेळी दोन-तीनच शब्द दिसतात. दुकानातून मोठ्यात मोठं भिंग आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: ताकद वाढली की दिसणारा तुकडा लहान होतो.

उजेडाचं गणित त्याहून सोपं आणि स्वस्त. टेबललॅम्प निम्म्या अंतरावर ओढला की कागदावरचा उजेड साधारण चौपट होतो. स्वयंपाकघरात मात्र चकाकत्या स्टीलने डोळे दिपतात. आता रंग उठून दिसावा म्हणून भात गडद रंगाच्या ताटात, चहा पांढऱ्या कपात आणि ताक काळ्या मगात. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली.

नोटा मी बोटांनी ओळखते. पाचशेच्या कडांना पाच उठावाच्या रेषा, शंभरच्या चार; दोनशेलाही चारच, पण मध्ये दोन वर्तुळं. शंभर ते दोनशे आणि दोनशे ते पाचशे, लांबी प्रत्येक वेळी ४ मिलिमीटरने वाढते. आयुष्यभर नोटा मोजूनही हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या, मळलेल्या नोटेचा उठाव जातो, तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप फोनवर नोट ओळखून बोलतं. त्याला इंटरनेट लागत नाही.

एक गोष्ट घरात बोलायला संकोच वाटतो. मला भिंतीवर पैठणीच्या काठासारखी नक्षी दिसायची, कधी अनोळखी माणसं. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. डोकं शाबूत असतं. असं काही दिसू लागलं तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मांत्रिकाकडे जाऊ नका.

आणि घरच्यांनो, आमच्या हातातून प्रत्येक काम काढून घेऊ नका. खुर्च्या तेवढ्या जागच्या जागी ठेवा. चष्मा बदलूनही वाचता येत नसेल तर नजर आणखी जायची वाट न बघता नेत्रतज्ज्ञांना विचारा, "जवळचा लो व्हिजन विभाग कुठे आहे?" सवलती हव्या असतील तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा; बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. भिंग आणि सराव यांना मात्र असली काही अट नाही.